आयुष्यभर ११०/७०, आता १४८/९२. हे वयाचं की पाळी जाण्याचं?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचत होते, पहिलाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ४९, बँकेत नोकरी, राहायला कोल्हापुरात, राजारामपुरी. गेलं दीड वर्ष पाळीचा काही नेम नाही, कधी तीन महिने दांडी तर कधी एकाच महिन्यात दोनदा. रात्री दोनला घामाने गाऊन ओला, उठून पंखा पाचवर करते आणि नवरा झोपेतच चादर ओढून घेतो. एवढं सगळं ऐकून माहीत होतं त्यामुळे घाबरले नव्हते. पण गेल्या महिन्यात बँकेच्या वार्षिक तपासणीत बीपी आलं १४८/९२. परत घेतलं, १४६/९०. आयुष्यभर माझं ११०/७०, कधीच काही नाही. ईसीजी चांगला, साखर चांगली, पण एलडीएल, म्हणजे ते वाईट कोलेस्टेरॉल, दोन वर्षांपूर्वी १०४ होतं ते आता १३८, खाणं तेच, वजन दोन किलो इकडेतिकडे.

डॉक्टर कागदावरून मान वर न करता म्हणाले "या वयात होतंच, टेन्शन घेऊ नका" आणि बी कॉम्प्लेक्स लिहून दिलं. तोवर टेन्शन नव्हतं, जिना उतरताना आलं.

माझा प्रश्न असा की हे नक्की वयाचं आहे की पाळी जाण्याचं? वयाचं म्हणावं तर आमचे हे ५३ चे, दर रविवारी मिसळीवर तीनदा कट मागून घेतात आणि बीपी १२०/८०. मग नसा माझ्याच का कडक होतायत?

नादखुळा
वहिनी, साहेबांचा कट बंद करा. बीपी त्यांचं नाही, बघून बघून तुमचं वाढलंय.

शुभांगी_जयसिंगपूर
+१ कटाला. आणि धाग्यालाही. मी ५१, सेम टू सेम. वाचतेय.

फळा_खडू
मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. डॉक्टर नाही हे आधीच सांगते, उपचार विचारू नका, पण "का" एवढं सांगू शकते.

रक्तवाहिनी म्हणजे नुसता पाइप नव्हे. धमनीला आतून एक अस्तर असतं, जाडी फक्त एका पेशीची. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं, तो शेजारच्या स्नायूला सांगतो की बाबा सैल पड. सैल पडली की धमनी रुंदावते, रक्ताला वाट होते. इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयातून येणारं बायकांचं हार्मोन, या अस्तराला हा वायू करायला मदत करतं. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन आधी वरखाली होतं आणि मग कोसळतं, त्यामुळे अस्तराला मिळणारा तो टेकू जातो.

हे अस्तर काम करतं हेसुद्धा बऱ्याच उशिरा कळलं. अमेरिकेत फर्चगॉट म्हणून शास्त्रज्ञ होते, सशाच्या धमनीच्या पट्ट्यांवर प्रयोग करायचे. औषध तेच, पण पट्टी कधी आकसायची, कधी सैल पडायची. शेवटी लक्षात आलं की पट्टी कापताना आतलं अस्तर घासलं गेलं की ती आकसते, अस्तर शाबूत राहिलं की सैल पडते. १९८० साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं आणि १९९८ चं नोबेल त्यांना, इग्नारो आणि मुराद यांना मिळून मिळालं. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट असते ना, तीही शरीरात हाच वायू देते.

आता वयाचं. धमनीच्या भिंतीत इलॅस्टिन असतं, म्हणजे ताणून परत जागेवर येणारा धागा. तो लहानपणीच तयार होतो, पुढे नवीन जवळजवळ होतच नाही. हृदयाच्या ठोक्यागणिक ताणून ताणून तो तुटत जातो आणि त्याची जागा कोलॅजेन घेतं, ते मजबूत पण ताठ. ठिबकची नवी नळी बोटाला गुंडाळता येते आणि चार उन्हाळे खाल्लेली नळी वाकवली की कट्कन आवाज येतो, तसं. हे बाई-पुरुष दोघांतही होतं. बायकांत आधी वेग कमी असतो आणि पाळी जाण्याच्या आसपास एकदम गियर बदलतो. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर "दोन्ही", पण तुमच्या बाबतीत आत्ताच का, याचं उत्तर बहुधा पाळी.

हिशोबी
फळा_खडू बाई, समजावलंत छान पण एक शंका. वय आणि पाळी जाणं या दोन गोष्टी हातात हात घालूनच येतात. मग पन्नाशीत बीपी वाढलं तर ते वयाने की पाळीने हे वेगळं काढणार कसं? माझं पण ५० लाच वाढलं, आणि मला काही पाळी नव्हती.

नादखुळा
हिशोबीरावांना तपासून घ्या कोणीतरी.

फळा_खडू
हिशोबी, शंका रास्त आहे. अमेरिकेत १९९६ ला स्वान म्हणून एक अभ्यास सुरू झाला, त्यात चाळिशीतल्या बायका घेतल्या आणि त्याच त्याच बायकांना वर्षानुवर्षं तपासत राहिले. मग वाढदिवसापासून नाही, तर शेवटच्या पाळीच्या तारखेपासून मागेपुढे मोजलं. एलडीएलची उडी त्या तारखेच्या आगेमागच्या वर्षभरात दिसते, मग बाई ४७ ची असो की ५३ ची. धमन्यांचा ताठपणाही शेवटच्या पाळीच्या आसपासच्या वर्षभरात जास्त वेगाने वाढलेला सापडला. बीपीचं मात्र एवढं स्वच्छ नाही, त्यात वय, वजन, मीठ, झोप सगळं मिसळतं. म्हणजे रंकाळाकाठ यांचं १०४ चं १३८ होणं हे पाळीचं म्हणायला जास्त जागा आहे, १४८ ला थोडी कमी.

हिशोबी
हे पटलं. पुरुषांचं कॅलेंडर वेगळं एवढं मान्य.

ऊसाचा_फड
वय आणि पाळी वेगळी कशी काढायची म्हणून विचारलंय म्हणून लिहितो. मी बाईच हाय, आमच्यात बायका पण मी जातो, मी आलो असंच म्हणतात, पुण्याच्या लोकांनी गोंधळू नये.

मी शिरोळकडची. ३८ व्या वर्षी अंगावर लई जायचं म्हणून पिशवी काढली. काढताना दोन्ही अंडाशय पण काढले, ते मला घरी आल्यावर तीन महिन्यांनी कळालं. डिस्चार्जच्या कागदावर इंग्रजीत लिहिलेलं, आमच्या पुतण्यानं वाचून सांगितलं. कोणी विचारलं पण नाही, सांगितलं पण नाही. आदल्या आठवड्यात पाळी सुरू आणि ऑपरेशनच्या चौथ्या दिवशी अंगातनं वाफा. चाळिशीला बीपीची गोळी लागली, कोलेस्टेरॉलची पण. माझी जाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, त्याच चुलीवरचं खाती, त्याच शेतात राबती, तिला काही नव्हतं, तिला आत्ता पाळी गेल्यावर सुरू झालं. तर हिशोबी दादा, माझं ३८ ला वय झालं होतं काय?

हिशोबी
नाही ताई. शब्द मागे घेतो.

सिस्टरबाई_निवृत्त
ऊसाचा_फड, वाचून पोटात कालवलं गं. ३४ वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्ड बघितलाय, तुझ्यासारख्या किती आल्या. बाकीच्या बायांनो नीट वाचा. नुसती पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले तर पाळी थांबते पण हार्मोन सुरू राहतात, थोडे लवकर दमतात इतकंच. दोन्ही अंडाशय काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती, मग वय ३० असो की ४०. आपल्याकडे पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास, पश्चिमेकडे ५१. ४५ च्या आत गेली तर लवकर, ४० च्या आत गेली तर फारच लवकर, आणि जितकी लवकर तितका हृदयाचा, मेंदूच्या झटक्याचा धोका जास्त. म्हणून तिशीचाळिशीत गेली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाला मुद्दाम विचारायचं की मला हार्मोन बाहेरून घ्यायला हवेत का. अशा बायकांना एरवीच्या रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत ते सहसा देतात, अडचण नसेल तर.

ऊसाचा_फड
मला कोणी हे म्हणालंच नाही. आता ४६ झालो. तरी विचारून बघतो.

आणि आमच्याकडं कारखान्याला बीडकडनं टोळ्या येतात. त्यातल्या कितीक बायका पंचविशी-तिशीत पिशवी काढून आलेल्या असतात, पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतोय म्हणून. २०१९ ला लई बातम्या आल्या, सरकारनं समिती पण नेमली. पालं उठली की कोण त्यांचं बीपी बघतोय.

मिश्रीवाली_नात
माझी आजी ८१. पाळी कधी गेली विचारलं तर म्हणते "तुझा बाप लग्नाचा झाला त्या साली". अख्ख्या गल्लीला औषधं सांगते आणि स्वतः दिवसातून चार वेळा मिश्री लावते. दात घासते म्हणते. आजी, ती तंबाखू आहे म्हटलं की "भाजलेली आहे नव्हं!" असं उत्तर.

सिस्टरबाई_निवृत्त
भाजली म्हणून निकोटीन कुठे जातंय. हिरडीतून थेट रक्तात जातं आणि नसा आवळतं. वॉर्डात मी पेशंटला "तंबाखू खाता का" विचारलं की सगळ्या "नाही", "मिश्री लावता का" विचारलं की दहातल्या सहा हसायच्या. प्रश्न बदलला की उत्तर बदलतं.

देवाची_करणी
माझ्या मैत्रिणीने हा उपाय पाठवलाय, तिच्या नणंदेचं ऑपरेशन टळलं. लिंबाचा रस, आल्याचा रस, लसणाचा रस, सफरचंदाचं व्हिनेगर एकेक वाटी, उकळून मध घालून रोज उपाशीपोटी तीन चमचे. सगळ्या बंद नसा मोकळ्या होतात.

नादखुळा
घशाची नस नक्की मोकळी होणार.

फळा_खडू
देवाची_करणी, राग मानू नका, पण धमनीत साठलेला थर म्हणजे सिंकमधला चिकटा नव्हे. तो अस्तराच्या खाली, भिंतीच्या आत असतो, व्हिनेगर तिथवर पोचत नाही. खाण्यातूनच काही करायचं तर पालेभाजी आणि बीट खा. त्यातल्या नायट्रेटचं जिभेवरचे जंतू नायट्राइट करतात आणि पुढे शरीर त्यातून तोच नायट्रिक ऑक्साइड बनवतं. जंतुनाशक माउथवॉशने रोज सतरा वेळा चुळा भरल्या तर ते बिचारे जंतूच मरतात. त्याने बीपीची गोळी सुटणार नाही, भाजी चांगली लागेल एवढंच.

देवाची_करणी
मी फक्त फॉरवर्ड केलं हो.

माहेरवाशीण_पुणे
माझं माहेर मंगळवार पेठ. माझी थोरली बहीण ५२, तिला वाफांनी झोप नव्हती, इथल्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनची जेल दिलीय, दंडाला लावायची, सोबत रात्री एक गोळी. तिला फार बरं वाटलं. पण आमची वहिनी म्हणते हार्मोनने हार्ट अटॅक येतो, कॅन्सर होतो, बंद कर. कोणाचं ऐकायचं?

फळा_खडू
वहिनी २००२ सालची बातमी सांगतायत. अमेरिकेत विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह नावाचा मोठा प्रयोग होता, गोळीच्या रूपात दोन हार्मोन दिले होते, एक घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन (खरंच) आणि दुसरं कृत्रिम प्रोजेस्टिन. हृदयाचं रक्षण होईल अशी आशा होती, उलट हृदयाचे झटके, पक्षाघात, गुठळ्या, स्तनाचा कॅन्सर थोडे वाढलेले दिसले म्हणून तो भाग मधेच थांबवला. जगभर बायकांनी रातोरात गोळ्या टाकून दिल्या. पण त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३! पाळी जाऊन दहाबारा वर्षं झालेल्या, धमन्यांत थर आधीच बसलेले.

नंतर दुसऱ्या एका प्रयोगात, २०१६ साली आला तो, पाळी जाऊन सहा वर्षं न झालेल्या आणि दहा वर्षं उलटलेल्या असे दोन गट केले. इस्ट्रोजेनने मानेच्या धमनीच्या भिंतीची जाडी वाढायचा वेग पहिल्या गटात कमी झाला, दुसऱ्यात काहीच फरक नाही. म्हणजे घर बांधताना ओलावा रोखता येतो, भिंतीला पोपडे आल्यावर नुसता रंग देऊन भागत नाही. म्हणून आता साधारण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असेल, वाफांचा त्रास असेल, आणि स्तनाचा कॅन्सर, गुठळ्या, हृदयविकार असं काही झालेलं नसेल तर विचार करतात. दंडाला लावायच्या प्रकारात गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी दिसतो. मात्र निव्वळ हृदय सांभाळायला म्हणून हार्मोन देत नाहीत. बहिणीने वहिनीला नाही, डॉक्टरीणबाईंना विचारावं.

माहेरवाशीण_पुणे
वहिनीला धाग्याची लिंक पाठवली. आता माझं माहेरपण रद्द.

शुभांगी_जयसिंगपूर
जरा विषयांतर. माझ्या पोटरीवर हिरव्यानिळ्या शिरा गाठी गाठी दिसतात, उभं राहून राहून. म्हणजे माझ्या नसा कडक झाल्या का?

सिस्टरबाई_निवृत्त
नाही गं. त्या शिरा, रक्त परत हृदयाकडे नेणाऱ्या. त्यांच्यातल्या झडपा ढिल्या पडल्या की रक्त साचतं. इथे चाललंय ते धमन्यांचं, त्या आत असतात, दिसत नाहीत, हीच तर पंचाईत. तुझं काम वेगळं, घट्ट मोजे आणि संध्याकाळी पाय उशीवर. एका पायाला अचानक सूज, दुखणं, गरम लागणं असं झालं तर मात्र त्याच दिवशी दाखव.

कागलकर_मास्तर
आमच्या आईचं (७२) उलटंच. वरचं १७२, खालचं ६२. एक नातेवाईक म्हणाले खालचं इतकं छान आहे, मग घाबरायचं काय. मधलाच कुठला तरी आकडा धरायचा का?

फळा_खडू
मास्तर, ती दरीच बघायची. हृदयातून निघणारी मोठी धमनी लवचिक असली की ठोक्याचा जोर ती ताणून पोटात घेते आणि दोन ठोक्यांच्या मधे हळूहळू सोडते, म्हणून वरचा आकडा फार चढत नाही आणि खालचा फार उतरत नाही. ती ताठ झाली की जोर तसाच पुढे जातो, वरचा आकडा चढतो, आणि मधल्या वेळात सोडायला काही उरत नाही म्हणून खालचा पडतो. साठीनंतर हे खूप दिसतं, आणि त्या वयात बायकांत पुरुषांपेक्षा जास्त. खालचा छान नाही, तो पडलाय. गोळीचं प्रमाण ठरवताना डॉक्टरांना कसरत करावी लागते, एकदम उतरवलं तर म्हातारं माणूस उठताना चक्कर येऊन पडतं.

कागलकर_मास्तर
गेल्या महिन्यात न्हाणीघरात तोल गेला होता. उद्याच घेऊन जातो.

आईचा_लेक
हा धागा बायकांचा आहे पण राहवत नाही म्हणून लिहितोय. आई ५८ ची. श्रावणातली गोष्ट, सोमवारचा उपवास, साबुदाणा खाल्ला आणि दुपारी म्हणाली जबडा दुखतोय, दाढ हलतेय वाटतं. मग पाठीत, दोन फऱ्यांच्या मधे. छातीत काही नाही. मळमळ, घाम. मी इनो दिला. दोन वेळा दिला. शेजारच्या काकूंनी लवंग दिली दाढेत धरायला. आई भिंतीला टेकून बसलेली आणि मला म्हणते "तू ऑफिसला जा, मला जरा पडू दे". ती कधी दुपारी पडत नाही. त्या "पडू दे" ला मी घाबरलो आणि रिक्षात घालून नेलं. झटकाच होता. वाचली. नंतर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, रिक्षा कशाला, १०८ ला फोन करायचा. लवंग अजून डोळ्यासमोर येते.

सिस्टरबाई_निवृत्त
बरं केलंस लिहिलंस बाळा. छातीत दुखतं बऱ्याच बायकांनाही, पण नुसती धाप, जबडा, पाठ, मळमळ, न झेपणारा थकवा असंही येतं आणि बायकांत ते जास्त. कधी कधी अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या मोकळ्या दिसतात आणि बाईला "मनाचं आहे" म्हणून घरी पाठवतात. बारीक रक्तवाहिन्या नीट रुंदावत नसल्या तरी दुखतं, आणि त्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत.

चटणीसम्राज्ञी
एवढं सगळं झालं आणि कोल्हापुरात बसून कोणी चटणीचा विषय काढेना! घरची कांदा-लसूण चटणी, मे महिन्यात डंकावर कांडून आणतो, त्यात टिकायला म्हणून मीठ पसापसाने पडतं. मग ती चटणी आमटीत, त्यात परत मीठ, तोंडी लावायला खर्डा, त्यात मीठ, पापड, लोणचं. मला डॉक्टरांनी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत सांगितलं, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सगळ्या दिवसाचं सगळं मिळून. घरी मोजलं तर माझं दुपारपर्यंतच संपतं. यंदा डंकावर मीठ न घालता कांडली आणि डबे फ्रीजमध्ये. सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्यांनी हळूच वरून मीठ घेतलं, ते मी बघितलं नाही असं केलं.

नादखुळा
तांबडा पांढरा वाचतो की जातो ते सांगा.

चटणीसम्राज्ञी
पांढरा एक वाटी. तांबडा वासावर.

पहाटफेरी
रंकाळ्याला रोज एक फेरी मारा, सगळं उतरतं. माझ्या मिस्टरांचं औषध निम्मं झालं.

फळा_खडू
चालण्याने बीपी उतरतं, बायकांचंही, म्हणून चालावंच, आठवड्याला दीडशे मिनिटं, थोडी धाप लागेल असं. फक्त एक कडू गोष्ट. व्यायामाने धमनीच्या अस्तराचं काम सुधारतं हे पुरुषांत अभ्यासामागून अभ्यासात दिसतं, पण पाळी गेलेल्या आणि हार्मोन न घेणाऱ्या बायकांत तितकं एकसारखं दिसत नाही, कुठे सुधारतं कुठे नाही. तेव्हा मिस्टरांचं उतरलं आणि तुमचं तेवढं नाही उतरलं तर तुम्ही आळशी आहात असं समजू नका.

पहाटफेरी
हे मी प्रिंट काढून घरात लावणार आहे.

सिस्टरबाई_निवृत्त
रंकाळाकाठ, कुठे गायब झालात? मूळ प्रश्न तुमचा. मला दोन गोष्टी सांगा. एक, दंड केवढा आहे? पट्टा लहान आणि दंड मोठा असला की मशीन बीपी जास्त दाखवतं. नेहमीचा पट्टा साधारण ३२ सेंमीपर्यंत चालतो. टेप नसेल तर ब्लाउजच्या मापात दंडघेर लिहिलेला असतो, त्याला अडीचने गुणा. दोन, बाळंतपणात कधी बीपी वाढलं होतं का? नीट आठवून सांगा.

रंकाळाकाठ
मार्च एंड होता हो, मान वर करायला वेळ नव्हता. सगळं वाचलं, दोनदा.

दंडघेर साडेतेरा इंच. टेलरच्या वहीत बघून आले, त्याला वाटलं ब्लाउज टाकायलाच आले.

आणि सिस्टरबाई, दुसऱ्या प्रश्नावर मी रात्रभर जागी होते. वाढलं होतं. धाकट्याच्या वेळी, आठवा महिना, पाय असे सुजले की मिस्टरांच्या चपला घालून फिरत होते, बीपी १६०, लघवीत प्रथिनं, तेरा दिवस दवाखान्यात, मग सिझर. महिन्याभरात सगळं नॉर्मल झालं, बारसं झालं, आणि मी ते पार विसरले. वर लिहिलंय मी, "आयुष्यभर ११०/७०, कधीच काही नाही". लिहिताना खोटं लिहितेय असं वाटलंच नाही.

सिस्टरबाई_निवृत्त
म्हणूनच विचारलं. सगळ्या विसरतात, बाळ हातात आलं की संपलं. पण ज्यांना गरोदरपणात असं झालं त्यांना पुढे हृदयविकाराचा आणि मेंदूच्या झटक्याचा धोका साधारण दुप्पट, आणि बीपी तर त्याहून जास्त जणींना लागतं. डॉक्टरांना हे सांगितलं होतंत का?

रंकाळाकाठ
त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

हिशोबी
म्हणजे वय, पाळी आणि २१ वर्षांपूर्वीचं बाळंतपण. तीन खाती निघाली.

रंकाळाकाठ
तुम्हाला २१ कसं कळलं?

हिशोबी
अंदाज हो. बँकेतल्या लोकांना २८ ला दुसरं होतं.

सिस्टरबाई_निवृत्त
चेष्टा पुरे. मोठ्या पट्ट्याचं मशीन घ्या, दंडावर लावायचं, मनगटाचं नको. सकाळी गोळीचहाच्या आधी आणि रात्री, दर वेळी दोनदा, मधे एक मिनिट. पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय नाही, हात टेबलावर छातीच्या उंचीला, पाच मिनिटं गप्प. गप्प म्हणजे फोनवरही नाही. आठवडाभर लिहा, पहिला दिवस सोडून सरासरी काढा. घरी १३५/८५ च्या वर सरासरी आली तर ती जास्तच धरायची, दवाखान्यातले १४०/९० आणि घरचे १३५/८५ सारखेच.

रंकाळाकाठ
(दहा दिवसांनी)

अपडेट. मोठा पट्टा लावून सरासरी १३९/८८. म्हणजे १४८ मधलं थोडं पट्ट्याचं, थोडं त्या डॉक्टरांच्या केबिनचं, बाकी माझं स्वतःचं.

दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, एमडी बाई आहेत. वही समोर ठेवली. पाळीचं, एलडीएलचं, घामाचं सांगितलं, त्या लिहीत होत्या. बाळंतपणाचं सांगितलं तेव्हा पेन थांबलं, परत पान मागे उलटून सगळ्यात वर लाल शाईने ते लिहिलं. लघवीची आणि किडनीची तपासणी सांगितली, रिपोर्ट चांगले आले. लहान डोसची एक गोळी रोज सुरू केली, मीठ आणि चालणं आहेच, एलडीएल तीन महिन्यांनी परत. रात्रीच्या घामासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिलीय, जाणार आहे.

ऊसाचा_फड
बाईंचं नाव व्यनि (खाजगी निरोप) करा. मी पण माझा तो कागद घेऊन जातो.

रंकाळाकाठ
केलंय ताई. शनिवारी येणार असाल तर मी सोबत येते, स्टँडवरून घेते तुम्हाला.

चटणीसम्राज्ञी
आणि मिसळीचं काय ठरलं?

रंकाळाकाठ
यांचंही घेतलं परवा मशीनवर. १४४/९०. नेहमी १२०/८० कुठून आलं विचारलं तर म्हणे २०१४ ला लायसनच्या वेळी तपासलेलं.

नादखुळा
वहिनी, त्यांना पट्टा कुठला लावला होता?